बीड जिल्ह्यातील पारंपरिक कालगणना

मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे बीड जिल्ह्यातही शालिवाहन शक व अमान्त मास यांची गणना रूढ आहे. अंबेजोगाईच्या खोलेश्वर मंदिरातील यादवकालीन शिलालेखात शके ११६२ (इ. स. १२४०) हा काल दिला आहे. निजामी अंमलात सरकारी दप्तरात फसली सन चाले. व्रते व लग्ने यांचा निर्णय मात्र पंचांगावरूनच होई.

पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. त्याच्या ६० घटिका व घटिकेची ६० पळे. म्हणजे घटिका २४ मिनिटांची व पळ २४ सेकंदांचे. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातील पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली की एक घटिका झाली असे समजत. ‘घटका भरली’ या वाक्प्रचाराच्या मुळाशी ही वाटीच आहे.

सूर्योदय स्थलपरत्वे बदलत असल्याने एका गावचे पंचांग दुसऱ्या गावी संस्कारावाचून चालत नाही. या दृष्टीने बीडचे स्थान लक्षणीय आहे. भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते आणि बीडचे रेखांश (सु. ७५° ४६´ पू.) जवळजवळ तेच आहेत. त्यामुळे येथे देशांतर-संस्कार उरत नाही. चरसंस्कार तेवढा करावा लागतो. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची जी छाया पडते, तिला पलभा म्हणतात. ती बीडला सु. ४ अंगुळे ८ व्यंगुळे, तर उज्जयिनीस ५ अंगुळे ८ व्यंगुळे येते. गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवातील (शके १४४२) रीतीप्रमाणे पलभेस १०, ८ व ३ १/३ यांनी गुणून येणाऱ्या तीन चरखंडांची बेरीज बीडसाठी सु. ८८ पळे, उज्जयिनीसाठी ११० पळे होते. दक्षिणायनारंभी बीडचा सूर्योदय उज्जयिनीनंतर सु. साडेआठ मिनिटांनी होतो, तो यामुळे.

मुंबईच्या बाबतीत नेमके उलट आहे. अक्षांश जवळजवळ सारखे असल्याने चराचा भेद नाही. पण रेखांशभेदामुळे बीडला सूर्य सु. १२ मिनिटे, म्हणजे अर्धी घटिका, आधी उगवतो. तिथी या अवधीत संपली, तर बीडला सूर्योदयी जुनी तिथी असते, मुंबईस पुढची. वर्षातून सरासरी तीनदा असे घडते आणि सूर्योदयव्यापिनी तिथीवर ठरणारे व्रत दोन गावी दोन दिवशी येऊ शकते. भिंतीवरची दिनदर्शिका मुंबईच्या सूर्योदयावर रचलेली असल्यास हा भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

छापील पंचांगात तिथीची समाप्ती आता बहुधा घड्याळाच्या वेळेत असते. ही भारतीय प्रमाणवेळ (१९०६) ८२° ३०´ रेखावृत्ताची असून बीडची स्थानिक माध्य वेळ तिच्या सु. २७ मिनिटे मागे आहे. समाप्तीचा क्षण सर्वत्र एकच असल्याने तो बीडच्या सूर्योदयाशी ताडून पाहिला की पुरते.