व्हीआयएएफ म्हणजे काय? एकाच लेखकाच्या अनेक नावांचा मेळ कसा घालतात?

ग्रंथालयाच्या संगणकावर ‘कुसुमाग्रज’ शोधलं की ‘विशाखा’ सापडतो, पण ‘नटसम्राट’ सापडेलच असं नाही. कारण त्या नाटकावर वि. वा. शिरवाडकर हे नाव आहे. दोन्ही नावं जोडलेली नसतील, तर पुस्तक कपाटात असूनही वाचक रिकाम्या हाताने परततो.

म्हणून ग्रंथपाल प्रत्येक लेखकाची प्रमाण नोंद ठेवतात. तिच्यात ठरलेलं एक नाव आणि त्याची इतर रूपं असतात. देशोदेशीच्या ग्रंथालयांच्या अशा नोंदी जोडणारं मोफत ऑनलाइन साधन म्हणजे व्हीआयएएफ. २००३ मध्ये अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, जर्मनीचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ओसीएलसी यांनी हा प्रकल्प हाती घेतला. २०१२ पासून तो ओसीएलसीची सेवा म्हणून चालतो.

कसं वापरायचं?

• व्यक्तिनाम हा पर्याय निवडून नाव टाका. देवनागरीत सापडलं नाही, तर रोमन लिपीत वेगवेगळी स्पेलिंग करून पाहा.
• जन्म-मृत्यूची वर्षं (शिरवाडकरांची १९१२–१९९९) आणि पुस्तकांची नावं ताडून पाहा.
• टोपणनावाची वेगळी नोंद आहे का, तेही बघा.
• खात्री पटल्यावर त्या नोंदीचा क्रमांक आपल्या तालिकेत लिहा.

नोंदींची जुळवणी मुख्यतः संगणक करतो. त्यामुळे एकाच नावाचे दोन लेखक कधी एकत्र येतात, तर कधी एकाच लेखकाच्या दोन नोंदी होतात. शेवटची पडताळणी ग्रंथपालालाच करावी लागते.