मास्तरांची शाळा : कानपूर ते पवई

मंडळी, आपल्याकडे कॉम्प्युटरच्या इतिहासाची गाडी साधारण दोनच स्टेशनांवर थांबते. एक टीआयएफआर आणि दुसरं इन्फोसिस. मधल्या काळात लाखो पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवलं कुणी? आणि त्या शिकवणाऱ्यांना शिकवलं कुणी? हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. या वीकेंडला त्याबद्दलच थोडं.

अडचण काय होती ते आधी बघू. कम्पायलर लिहायचा तर आधी कुठलातरी कम्पायलर लागतो. मास्तरांचंही तसंच. कॉम्प्युटर शिकवायला तो शिकलेला माणूस हवा, आणि असा माणूस तयार व्हायला आधी शिकवणारा हवा. १९६० च्या आसपास आपल्या कॉलेजांमध्ये हा विषय शिकून आलेले प्राध्यापक जवळपास नव्हतेच. मग सुरुवात कुठून करायची?

सुरुवात झाली कानपूरला. नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या मदतीने तिथे आयआयटी उभी राहत होती. ऑगस्ट १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० हे मशीन बसवलं गेलं. या मशीनची एक गंमत सांगतो. त्यात बेरजेसाठी वेगळं सर्किटच नव्हतं. मेमरीत पाढ्यासारखा एक तक्ता ठेवलेला असायचा आणि मशीन त्यात बघून उत्तर काढायचं. त्यामुळे त्याला चिडवायचे, ‘याला बेरीज येत नाही, आणि हा प्रयत्नही करत नाही!’ आता हसू येतं, पण देशातल्या कितीतरी शास्त्रज्ञांनी आणि इंजिनियरांनी पहिला प्रोग्रॅम चालवला तो याच मशीनवर.

तिथे व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण जबरदस्त गोष्ट केली. आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायचं ते शिकवलंच, पण बाहेरच्या प्राध्यापकांसाठी आणि शास्त्रज्ञांसाठी दहा दिवसांचे कोर्स सुरू केले. देशभरातली मंडळी कानपूरला यायची, फोरट्रान शिकायची, कार्डं पंच करायची, स्वतःचा प्रोग्रॅम चालवून बघायची आणि परत जायची.

दहा दिवसांत हे जमायचं कसं? तर त्याचं श्रेय बरंचसं फोरट्रानला. टीआयएफआरच्या टिफ्रॅकवर काम करायचं तर मशीनच्या भाषेत एकेक सूचना लिहावी लागे. ते दहा दिवसांचं काम नव्हे. फोरट्रानमध्ये मात्र सिव्हिलचा प्राध्यापक आपलं सूत्र जवळजवळ वहीत लिहितो तसंच लिहू शकत होता. म्हणजे त्याला आपला विषय सोडून कॉम्प्युटरवाला व्हायची गरज नव्हती. आपल्याच विषयातलं एखादं किचकट गणित घेऊन तो येऊ शकत होता. शिकण्यासाठी यापेक्षा चांगलं कारण कुठलं?

या शिकवण्यातून पुढे राजारामन यांचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हे पुस्तक आलं, १९६९ मध्ये. हे माझ्या मते त्या कोर्सांइतकंच महत्त्वाचं. कानपूरला जाऊन आलेला माणूस आणि कधीच न गेलेला माणूस, दोघांच्या हातात आता तीच वही होती. राजारामन यांची पुस्तकं वापरून शिकलेल्या कित्येक पिढ्या आहेत. तुमच्यापैकी एमसीए झालेल्यांनी तर त्यांना दुहेरी नमस्कार करायला हवा, कारण एमसीएची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते.

पुढचा टप्पा मात्र जरा रुक्ष आहे. १९७० मध्ये केंद्र सरकारने क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम, म्हणजे ‘क्यूआयपी’ सुरू केला. इंजिनियरिंगच्या प्राध्यापकांनी नोकरी सांभाळून आयआयटीसारख्या ठिकाणी एमटेक, पीएचडी करावी, किंवा निदान छोटे कोर्स करावेत, अशी योजना. योजना चांगलीच होती. पण आपल्या महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि गणित बदललं. कॉलेजं भराभर उभी राहिली. इमारत वर्षा-दोन वर्षांत बांधता येते, कॉम्प्युटर विकत आणता येतो. मास्तर कुठून आणणार? काल पास झालेला पोरगा आज फळ्यापुढे उभा, हे चित्र आपल्याला नवीन नाही. त्यात त्या पोराचा दोष काहीच नाही. त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

दुसरीकडे १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने विद्यापीठांमध्ये ‘अकॅडमिक स्टाफ कॉलेज’ सुरू केली. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे शब्द प्राध्यापकांच्या घराघरात पोचले ते तेव्हापासून. हे कोर्स बढतीला जोडले गेले. २०१० च्या नियमावलीत तर गुणांचा तक्ताच आला. दोन आठवड्यांच्या कोर्सला इतके, एका आठवड्याच्या कोर्सला तितके. हेतू वाईट नव्हता; सक्ती नसती तर कित्येक जण गेलेच नसते. पण झालं काय, की मोजता येते ती फक्त हजेरी. सर काय शिकून आले हे तक्त्याला कळत नाही. सर्टिफिकेट मात्र कळतं.

आता येऊ पवईला. २००९ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. त्यात आयआयटी मुंबईच्या दीपक फाटक सरांनी आधी हजार आणि मग दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं मनावर घेतलं. मोठा आकडा ‘टी-टेन-केटी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. कानपूरला जाण्यात अडचण प्रवासाची होती. इथे आयआयटीचा वर्गच नेटवरून देशभरातल्या कॉलेजांत न्यायचा होता. त्यासाठी अमृता विद्यापीठाचं ‘ए-व्ह्यू’ नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. पवईला सर बोलतायत, देशभरातल्या केंद्रांवर प्राध्यापक बसलेत, आणि एखाद्या केंद्रावरून प्रश्न आला की तो सगळ्यांना ऐकू येतोय. सुरुवातीच्या कार्यशाळांपैकी एक होती एस. सुदर्शन यांची डेटाबेसवरची. हो, तेच सुदर्शन, आपल्या जाडजूड कोर्थच्या पुस्तकावर तिसरं नाव असलेले. ज्यांचं पुस्तक आयुष्यभर शिकवलं त्यांनाच प्रश्न विचारायला मिळणार, यातली मजा प्राध्यापकांनाच कळेल.

पण खरी युक्ती नेटची नव्हती. व्हिडिओवर व्याख्यान दाखवणं हे काही नवं राहिलं नव्हतं. युक्ती होती ती समन्वयकाची. मुख्य कार्यशाळेच्या आधी प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला पवईला बोलावून शिकवलं जायचं. लॅबमध्ये शेजारी उभं राहून ‘अहो, सेमीकोलन राहिला’ म्हणणारा माणूस त्याच केंद्रावर हजर असायचा. म्हणजे व्याख्यान पवईचं, पण हात धरणारा गावातला. आपल्या भाषेत सांगायचं तर, मधे एक कॅश सर्व्हर बसवला :-)

१० आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला या पद्धतीने सुमारे दहा हजार शिक्षकांची एकत्र कार्यशाळा झाली, ‘आकाश’ टॅब्लेटवर. त्या टॅब्लेटचं पुढे फार काही झालं नाही, हे आपण जाणतोच. पण शिकवायची ही रचना टिकली आणि इतर विषयांसाठीही वापरली गेली. त्याच मिशनखाली आयआयटी मुंबईतच कन्नन मौद्गल्य यांचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प सुरू झाला. लिनक्स, लाटेक, सायलॅब वगैरेंचे छोटे छोटे व्हिडिओ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणि नेट नसतानाही चालतील असे. व्हिडिओ थांबवायचा, स्वतः करून बघायचं, पुढे जायचं. इथेही तेच : हात चालला पाहिजे, आणि घरी न्यायला काहीतरी मिळालं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, याने विद्यार्थ्याला काय फरक पडतो? मला पडला. आमच्या इंजिनियरिंगला डेटाबेसचे दोन सर होते. शेजारच्या डिव्हिजनला प्रॅक्टिकल म्हणजे मागच्या वर्षीची जर्नल उतरवणं. आमचे सर अशाच एका दोन आठवड्यांच्या कार्यशाळेला जाऊन आलेले. त्यांनी लॅबमध्ये प्रत्येक मशीनवर पोस्टग्रेस टाकून घेतलं आणि म्हणाले, ‘क्वेरी चुकली तरी चालेल, पण स्वतःची चुकवा.’ सिलॅबस तोच, परीक्षा तीच, पगारही बहुधा तोच. आज मी जे काम करून पोट भरतो त्याची सुरुवात त्या लॅबमध्ये आहे. एक साधा हिशोब करा. साठ पोरांच्या दोन डिव्हिजन, वीस वर्षं नोकरी. एका मास्तराच्या हाताखालून चोवीसशे पोरं जातात. त्याचे दोन आठवडे वाया गेले तर नुकसान त्याच्या एकट्याचं नसतं.

म्हणून २०२० मधलं दृश्य आठवलं की वाईट वाटतं. लॉकडाऊनमध्ये वेबिनारांचा पूर आला. लिंक उघडायची, कॅमेरा बंद, शेवटी गूगल फॉर्म, पाच प्रश्न, आणि ई-सर्टिफिकेट मेलवर. शिक्षकांवर रातोरात ऑनलाइन शिकवायची वेळ आली होती, आणि काही कार्यशाळा खरंच उपयोगी होत्या. पण एका घरात बसून एका दिवसात तीन सर्टिफिकेटं मिळत असतील तर त्यात नेमकं कोण काय शिकलं? पवईने नेट वापरलं, पण लॅब आणि समन्वयक सोडले नाहीत. २०२० मध्ये नेट तेवढं उरलं.

आता एआयची लाट आहे. कॉलेजाकॉलेजांत प्राध्यापकांसाठी एआयच्या कार्यशाळा चालू आहेत, आणि त्या हव्यातच. फक्त भरवणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात असं मला वाटतं. आलेल्या प्रत्येकाचा हात मशीनला लागतो का? जाताना त्याच्याकडे उद्या वर्गात वापरता येईल असं काही असतं का? आणि महिन्याभराने अडलं तर विचारायला जवळ कुणी आहे का? कानपूरला पहिल्या दोन गोष्टी होत्या, पवईने तिसरी जोडली. या तिन्ही असतील तर सर्टिफिकेट द्या, नाही दिलं तरी चालेल. सोमवारी सकाळी लॅबमध्ये काय बदललं, ते पोरांना आपोआप कळतं.