छातीवरची हजेरी

इंग्रज खलाशाच्या छातीवरच्या पदकांची कुळी शोधत मागे गेलं की वाट आपल्याच मुलखात येते. मराठ्यांशी चाललेल्या युद्धात १७७८ पासून बंगालहून पश्चिम हिंदुस्थानात आणि गुजरातेत आलेल्या शिपायांना ईस्ट इंडिया कंपनीने पदकं वाटली. ‘डेक्कन पदक’ म्हणून ती ओळखली जातात, आणि त्यांच्या एका बाजूला मजकूर आहे तो फारसीत. साध्या शिपायालाही पदक द्यायचं, ही रीत खुद्द विलायतेत तेव्हा रुळली नव्हती. जमीन इनाम देण्यापेक्षा चांदीचा तुकडा स्वस्त पडतो, हे व्यापाऱ्यांना आधी उमगलं असावं.

विलायतेच्या आरमारात १७९४ पासून सोन्याचं पदक होतं, पण ते अॅडमिरल आणि कप्तानांपुरतं. १७९८ मधल्या नाईलच्या लढाईनंतर अलेक्झांडर डेव्हिसन नावाच्या दलालाने पदरमोड करून सर्वांसाठी पदकं पाडली: कप्तानाला सोनं, खलाशाला कांसं. सरकारने सर्व दर्जांना एकच चांदीचं पदक दिलं ते वॉटर्लूच्या लढाईचं, १८१६ मध्ये, आणि त्याच्या कडेवर ज्याचं त्याचं नाव उठवलं. पण तेही फौजेला.

खलाशाची पाळी आली १८४७ मध्ये. १७९३ पासूनच्या आरमारी लढायांसाठी एक पदक जाहीर झालं. ज्या लढाईत हजर, तिच्या नावाची पट्टी फितीवर. अटी दोनच: जिवंत असा आणि अर्ज करा. ट्रफाल्गरला तोवर बेचाळीस वर्षं उलटली होती. काही पट्ट्या मागायला एकही माणूस उरला नव्हता. लढाईच्या वेळी जहाजांवर असलेल्या काही बायकांनीही अर्ज केले. त्यांना नकार मिळाला, कारण एकीला दिलं तर बाकीच्याही मागतील! शौर्याचं पदक वेगळं. मोहिमेचं पदक म्हणजे निव्वळ हजेरी, आणि हजेरी कोणाची मांडायची हे हजेरीबुकवाला ठरवतो.

ही हजेरी एकाच छातीवर वाचायची तर विल्यम हॉलची वाचावी. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा हा काळा माणूस. आईबाप अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेले. १८५२ मध्ये तो इंग्रजी आरमारात शिरला. पुढच्याच वर्षी नियम बदलला. त्याआधी खलाशी एका जहाजाच्या एका फेरीपुरता भरती व्हायचा आणि जहाज परतलं की मोकळा. आता दहा वर्षांचा करार करता येऊ लागला. खलाशीपण नोकरी झालं ते तेव्हा.

हॉलच्या क्रिमिया पदकावर इंकरमन आणि सेबास्टोपोल अशा दोन पट्ट्या. शेजारी तुर्की सुलतानाचं पदक. तिसरं पदक १८५७ च्या उठावातल्या मोहिमेचं: फीत पांढरी, त्यावर दोन लाल रेघा, आणि पट्ट्या दोन्ही लखनौच्या. समुद्रापासून शेकडो कोस दूर! हॉल तेव्हा ज्यावर होता त्या ‘शॅनन’ जहाजाच्या तोफा खलाशांनी कलकत्त्याहून आत नेल्या होत्या. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी लखनौत शाह नजफच्या भिंतीजवळ एका तोफेवरचे गोलंदाज पडत गेले, शेवटी हॉल आणि लेफ्टनंट टॉमस यंग हे दोघेच भिंत फुटेपर्यंत तोफ चालवत राहिले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भिंतीपलीकडे लढणाऱ्यांचं हजेरीबुक कोणीच मांडलं नाही.

१८७६ मध्ये हॉल निवृत्त होऊन गावी शेती करू लागला. १९०१ मध्ये पुढे पाचवा जॉर्ज झालेला राजपुत्र हॅलिफॅक्सला आला, तेव्हा त्याने या म्हाताऱ्याची पदकं पाहून चौकशी केली. तीन वर्षांनी हॉल वारला. ना तोफेची सलामी, ना थडग्यावर दगड. १९४५ मध्ये त्याच्या अस्थी उकरून हांट्सपोर्टला नेल्या, आणि दोन वर्षांनी तिथे त्याच्या नावाचं स्मारक उभं राहिलं.