काट्शबर्गचा चढ आणि नगरची चिलखती गाडी

नगर जिल्ह्याच्या इतिहासावर बोलताना आपण किल्ला, निजामशाही, चांदबीबी, साखर कारखाने यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो. आज आपण एका गाडीकडे वळणार आहोत. नगर (आता अहिल्यानगर) शहरात १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे. पॅटन, शर्मन, व्हॅलेंटाइन असे रणगाडे बघायला आपण मुलांना तिथे घेऊन जातो. त्यांच्यातच एक रोल्स-रॉईस चिलखती गाडी उभी आहे. रणगाड्यांपुढे ती लहान वाटते, म्हणून लोक फोटो काढून पुढे जातात. पण त्या पोलादाखाली आहे 'सिल्व्हर घोस्ट' या गाडीची चासी. आणि ही चासी युद्धासाठी घडलेलीच नव्हती. ती घडली हौशी लोकांच्या शर्यतींत, आणि त्या शर्यतींत निघालेल्या बिघाडांतून.

सुरुवात इंजिनापासून करू. १९०५-०६ च्या सुमारास हेन्री रॉईसने सहा सिलिंडरची गाडी काढली, तेव्हा तिचे क्रँकशाफ्ट तुटत होते. वरवर पाहणारा म्हणेल, लोखंड कमकुवत, दांडा जाड करा. रॉईसने वेगळा विचार केला. लांब दांडा फिरताना पिळला जातो, सुटतो, पुन्हा पिळला जातो. ठरावीक वेगाला हे हेलकावे वाढत जातात आणि दांडा तुटतो. म्हणजे दोष ताकदीचा नव्हता, कंपनाचा होता. नव्या इंजिनात त्याने तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे ठेवले, जाड क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार दिला. बघा, 'काय तुटलं' हा एक प्रश्न आणि 'का तुटलं' हा दुसरा. चांगला मिस्तरी दुसऱ्या प्रश्नापाशी थांबतो.

१९०७ मध्ये या गाडीची १५,००० मैलांची चाचणी झाली. ६२९ मैलांवर गाडी बंद पडली. कारण काय? हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला होता. कॉक उघडला, गाडी चालू. त्यानंतर उरलेले १४,३७१ मैल ती बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. मग ती सगळी खोलून भाग तपासले आणि जरा झिजलेलं सगळं बदललं, तर त्या सुट्या भागांचा खर्च आला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तो बंद झालेला कॉक कोणी लपवला नाही. नोंदीत तो आहे, म्हणून पुढच्या आकड्यावर आपण विश्वास ठेवतो.

आता आपल्या मुलखात येऊ. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची विश्वसनीयता चाचणी झाली. अंतर सुमारे ६२० मैल, वाटेत सह्याद्रीचे घाट. त्या काळचे रस्ते, धूळ आणि आपलं ऊन डोळ्यांसमोर आणा. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची सिल्व्हर घोस्ट जिंकली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेली. संस्थानिकांचं रोल्स-रॉईसचं वेड आपण चेष्टेने सांगतो. पण त्या वेडाआधी घाटातली परीक्षा होती, हे सांगायचं राहून जातं.

इतकी नावाजलेली गाडी अडली कुठे? १९१२ च्या आल्प्स पर्वतातल्या स्पर्धेत. जेम्स रॅडली नावाचा हौशी वैमानिक स्वतःची गाडी घेऊन उतरला होता. ऑस्ट्रियातल्या काट्शबर्ग घाटाच्या खड्या चढावर गाडी थांबली आणि पुन्हा उचलेना. आतली माणसं खाली उतरवली, तेव्हा कुठे ती चढली.

हे लक्षण आपण नीट वाचू या. वजन कमी केल्यावर गाडी चालते, म्हणजे ठिणगी ठीक आहे, पेट्रोल येतंय, इंजिन जिवंत आहे. कमी पडतोय तो चाकापर्यंत पोचणारा जोर. तेव्हा गाडीला तीनच गिअर होते आणि पहिला गिअरसुद्धा त्या चढाला पुरेसा हळू नव्हता. बैलगाडीवाल्याला हे सांगावं लागत नाही. चढ आला की तो बैलांना दोष देण्याआधी ओझं बघतो.

कारखान्याने मान खाली घालून काम केलं. चार गिअरची पेटी आली, इंजिनाची ताकद वाढवली, थंड ठेवण्याची सोय सुधारली. १९१३ मध्ये कारखान्याच्या तीन गाड्या आणि रॅडलीची एक, अशा चार गाड्या त्याच स्पर्धेत उतरल्या आणि सगळ्यांच्या तोंडी त्यांचंच नाव झालं. एका गिऱ्हाइकाची फजिती झाली होती. तिच्यातून मालाची सुधारणा झाली.

पुढच्याच वर्षी महायुद्ध आलं. १९१४ च्या डिसेंबरात याच चासीवर पत्रे आणि मशीनगनचा बुरूज चढवलेल्या पहिल्या चिलखती गाड्या तयार झाल्या. वजन चार टनांच्या वर गेलं. एवढं ओझं घेऊन त्या अरबस्तानच्या वाळवंटात धावल्या, पुढे हिंदुस्थानसाठी खास नमुनाही निघाला. आल्प्सच्या चढासाठी दिलेली ताकद आता चिलखताचं ओझं ओढत होती. हौस आणि युद्ध यांचं हे नातं फारसं सुखाचं नाही, पण ते आहे.

आणि नगर? १९४८ मध्ये चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा इथे एकत्र आली. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, आपण जिला व्हीआरडीई म्हणतो, तीही इथेच. मोटार वाहन नियमांत वाहनांचे नमुने तपासून मंजूर करणाऱ्या संस्थांमध्ये तिचं नाव आहे. लूना बनवणारा कायनेटिकचा कारखानाही नगरचाच. म्हणजे गाडी चालवून बघणं, ती कुठे अडते ते शोधणं, हा या शहराचा जुना धंदा आहे.

म्हणूनच आमचं एक म्हणणं आहे. संग्रहालयात गाडी टिकते, पण ती दुरुस्त करणाऱ्याचं ज्ञान काचेमागे ठेवता येत नाही. ते टिकतं वहीत आणि हातात. नगरच्या कितीतरी घरांत निवृत्त फिटर आहेत, आवाजावरून बेअरिंग ओळखणारे. त्यांच्या वह्या रद्दीत जाण्याआधी मागून घ्या. त्यांना पराक्रम विचारू नका. गाडी कुठे बंद पडली आणि कारण कसं सापडलं, ते विचारा. तारखेसह लिहून ठेवा. ६२९ मैलांवरचा तो पेट्रोलचा कॉक कोणीतरी लिहून ठेवला, म्हणून आज आपण त्यावर बोलू शकलो.