स्ट्रॉबेरी आणि भाजीपाला : औषध मारण्याआधी काय करायचं? एकात्मिक कीड व्यवस्थापनाची सविस्तर माहिती

महाबळेश्वर : महाबळेश्वर, वाई, जावळी भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्ट्रॉबेरीची लागण होते आणि थंडी पडली की तोडे सुरू होतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं, तशी जबाबदारीही वाढली. हे फळ सोलून खाता येत नाही, शिजवतही नाहीत. फळावर जे राहील ते थेट गिऱ्हाइकाच्या पोटात जातं.

खरी अडचण तोड्याची आहे. भर हंगामात स्ट्रॉबेरी दोन-तीन दिवसांनी तोडावीच लागते. भेंडी एक दिवसाआड, वांगी चार-पाच दिवसांनी. पण फवारणीनंतर माल तोडायला किती दिवस थांबायचं, हे औषधागणिक आणि पिकागणिक वेगळं असतं. क्लोरँट्रानिलीप्रोल या एकाच औषधाला टोमॅटोवर ३ दिवस, भेंडीवर ५ दिवस आणि वांग्यावर २२ दिवस थांबायला सांगितलं आहे. चालू तोड्यात २२ दिवस कोण थांबणार? म्हणून तोडा सुरू झाल्यावर औषधाची वेळच येऊ नये, अशी तयारी लागणीपासून करावी लागते. एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणजे हीच तयारी. यात रासायनिक औषध बंद नसतं, पण त्याचा नंबर शेवटी लागतो.

फवारणीनंतरही लाल कोळी का वाढतो?

थंडी ओसरून ऊन वाढलं की स्ट्रॉबेरीवर लाल कोळी येतो. तो पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो. वरून पानावर बारीक पांढुरके-पिवळे ठिपके दिसतात आणि पुढं जाळी होते. उष्ण, कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते.

रानात कोळ्याला खाणारे परभक्षी कोळी आणि ढालकिडेही असतात. मावा किंवा अळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातलं कडक औषध मारलं की आधी हे मित्रकीटक मरतात, लाल कोळी मात्र पानाखाली वाचतो आणि मोकाट वाढतो. त्यावर तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की कोळी त्याला दाद देत नाही. खर्च वाढतो, कीड तिथंच राहते.

लागणीपासूनची कामं

- रोपं खात्रीच्या नर्सरीतूनच घ्यावीत. पानाखाली कोळी, मावा किंवा खोडात कूज दिसली तर ती रोपं रानात नेऊच नयेत.
- उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू द्यावं. हुमणीचा त्रास असेल तर शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरावं.
- शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून बेडमध्ये द्यावा. मूळकूज, मरीचा धोका कमी होतो.
- मल्चिंग पेपरमुळं फळ मातीला टेकत नाही. ठिबकमुळं पानं ओली राहत नाहीत, त्यामुळं करडी बुरशी आटोक्यात राहते.
- सडकी फळं आणि रोगट पानं सरीत टाकू नयेत. बादलीत गोळा करून रानाबाहेर खड्ड्यात पुरावीत.
- नत्राचा मारा टाळावा. जास्त नत्रानं पाला लुसलुशीत होतो आणि मावा, कोळी तिकडं ओढला जातो.
- कच्च्या रस्त्याकडेच्या ओळींवर धूळ बसते, तिथं कोळी आधी दिसतो. पाहणी तिथून सुरू करावी.

भाजीपाल्यातले सापळे

टोमॅटोत १६ ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावावी. लावताना टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं आणि झेंडूचं ४५ दिवसांचं असावं, म्हणजे दोन्हीला फुलं एकदम येतात. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो. कोबीत २५ ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी लावतात. पहिली कोबीच्या आधी १५ दिवस, दुसरी कोबीनंतर २५ दिवसांनी पेरावी. वांग्यात सुकलेले शेंडे दिसताच अळीसकट खुडून नष्ट करावेत.

फुलकिड्यांसाठी निळे आणि मावा, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीच्या थोडं वर लावावेत. कामगंध सापळे एकरी पाच पुरतात. एका किडीचं ल्युअर दुसऱ्या किडीला चालत नाही, म्हणून घेताना पिकाचं आणि किडीचं नाव सांगूनच घ्यावं.

आठवड्यातून दोनदा पाहणी

प्लॉटचे चार कोपरे आणि मधला भाग अशा पाच ठिकाणी चार-चार झाडं बघावीत. पानं उलटून भिंगानं तपासावीत. कीड किती, मित्रकीटक किती, हे तारखेसह वहीत लिहावं. कीड वाढत नसेल किंवा मित्रकीटक भरपूर असतील तर फवारणी करू नये. शेजाऱ्यानं पंप काढला म्हणून आपण काढायचा, ही सवय महागात पडते.

सुरुवातीच्या किडीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यानं गाळून १०० लिटर द्रावण करावं आणि त्यात थोडा साबणाचा चुरा टाकावा. अर्क त्याच दिवशी संपवावा. ब्युव्हेरियासारखी जैविक बुरशी संध्याकाळी, हवेत ओल असताना फवारावी. तिच्यासोबत बुरशीनाशक मिसळलं तर ती मरते.

औषध मारायचंच झालं तर

ज्या पिकासाठी शिफारस आहे तेच औषध घ्यावं. डब्यातल्या माहितीपत्रकावर पीक, मात्रा आणि थांबायचे दिवस लिहिलेले असतात. आधी तोडा करून मग फवारावं आणि तेवढे दिवस माल तोडू नये. पुढच्या फवारणीला वेगळ्या गटातलं औषध घ्यावं. दोन-तीन औषधं मनानं एकत्र करू नयेत. डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा.

फुलोऱ्यात सकाळी फवारणी नको. मधमाशी नीट फिरली नाही तर स्ट्रॉबेरीचं फळ वाकडं होतं आणि दर पडतो. याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये राज्यातलं पहिलं मधाचं गाव झालं. इथल्या मधपेट्यांचा आणि स्ट्रॉबेरीचा संबंध इतका जवळचा आहे.

फवारणाऱ्या माणसाचीही काळजी तितकीच हवी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे हवेतच. वाऱ्याविरुद्ध फवारू नये. चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं सुरू झालं तर लगेच काम थांबवून कपडे बदलावेत, अंग साबणानं धुवावं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डबा पाहिला की डॉक्टरांना उपचार ठरवणं सोपं जातं.

मदत कुठं मिळेल?

गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडं शेतीशाळेची चौकशी करावी. जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. कीड ओळखू आली नाही तर पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि फळाचा जवळून फोटो काढावा, शक्य असेल तर कीड लागलेलं पान पिशवीत घालून न्यावं. दुकानात औषध मागण्याआधी किडीचं नाव पक्कं झालं, तर निम्मा फालतू खर्च तिथंच वाचतो.