पत्र्याच्या घरातला गारवा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स, मेसा, युमा अशा शहरांच्या कडेला ट्रेलर पार्क आहेत. चाकांवरून आणलेली आणि मग कायमची टेकवलेली लांबोडकी घरं तिथं ओळीनं उभी असतात. भिंती चार-सहा बोटं जाडीच्या, बाहेरून पत्रा. दगडी वाडा दुपारचं ऊन भिंतीत मुरवतो आणि ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पत्र्याच्या घराला ही उसंत नाही; ऊन चढलं की घर चढलं. आणि जूनमध्ये त्या भागात पारा ४३-४५ अंशांवर जाणं नवलाचं नाही.

असल्या घराला गार कसं ठेवायचं, हा प्रश्न घराइतकाच जुना. १९३६ साली एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ हा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आला, तेव्हा त्यात ड्राय आइसवर चालणारी वातानुकूलनाची सोय देऊ केली होती. कल्पना ऐटबाज, पण वाळवंटात रोज ड्राय आइस आणणार कोण? ट्रेलरवाल्यांना तारलं ते पाण्यानं.

पाण्यानं गारवा आणण्याचं हे कुळ जुनं आहे. अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त वाळ्याच्या मुळ्यांनी बांधलेल्या खोल्यांचं वर्णन केलं आहे: वर पाणी शिंपडलं की आत भर उन्हाळ्यात हिवाळा. पुढं गोऱ्या साहेबांनी दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि त्या भिजवत ठेवायला माणसं नेमली. पण वारा पडला की ताटी नुसतीच ओली. मग १८३०च्या सुमारास ‘थर्मँटिडोट’ नावाचं धूड निघालं. धान्य उफणायच्या पंख्यासारखा पंखा, भोवती ओल्या ताट्या, सगळं खिडकीत बसवलेलं, आणि तो पंखा हातानं फिरवायला बाहेर झळांमध्ये उभा नोकर. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईंनी आपल्या प्रवासवर्णनात या यंत्राची तारीफ केली आहे. पंखा फिरवणाऱ्याचं काय झालं, ते मात्र लिहिलेलं नाही.

विजेची मोटर आली आणि तो नोकर सुटला. ॲरिझोनात त्याआधी लोक रात्री जाळीच्या पडवीत ओल्या चादरी टांगून झोपत. १९३०च्या दशकात घरोघरी खटपट सुरू झाली: लाकडी चौकट, दोन जाळ्यांमध्ये ठासलेला ॲस्पेन लाकडाचा भुसभुशीत कीस, वरून ठिबकणारं पाणी, आत पंखा. ॲरिझोना विद्यापीठातल्या मार्टिन आणि पॉल थॉर्नबर्ग या प्राध्यापकांनी असा कूलर घरी कसा बनवायचा याची माहिती १९३९ साली छापली. पुढं कारखान्यांनी पत्र्याचे डबे काढले आणि ते ट्रेलरांच्या छपरांवर जाऊन बसले.

ट्रेलरला हा डबा मानवला याचं कारण सरळ आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं, आणि खर्च तेवढा एक पंखा नि छोटा पंप चालवण्याचा. हवा ४५ अंशांची पण खडखडीत कोरडी असेल, तर चांगला कूलर ती २८-३० अंशांपर्यंत उतरवतो. अट एकच: आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. खिडक्या गच्च लावल्या की घरात दमट हवा कोंडते आणि घाम सुकेनासा होतो. एसीच्या सवयीनं दारं-खिडक्या मिटून कूलरला नावं ठेवणारे लोक सगळ्या देशांत आहेत.

दुसरी युक्ती त्याहून जुनी, आणि माझ्या मते जास्त शहाणपणाची. त्या वाळवंटातले मूळ रहिवासी, तोहोनो ओओधाम, मेस्कीट झाडाच्या खांबांवर फांद्यांचं छप्पर घालून चारी बाजूंनी मोकळा मांडव उभारत. ट्रेलर पार्कवाल्यांनी तेच केलं: अख्ख्या ट्रेलरवर खांबांचं वेगळं छप्पर, मध्ये हात-दोन हात मोकळी जागा. ऊन वरच्या छपरावर थांबतं आणि तापलेली हवा मधल्या फटीतून निघून जाते. तिथं याला ‘रमाडा’ म्हणतात. कूलर आत आलेल्या उष्णतेशी भांडतो, रमाडा तिला दारातच अडवतो. आपल्याकडं स्लॅबवर पत्र्याची शेड घालणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं.

लाकडाच्या किसाचा डबा आपल्याकडंही रुजला, आणि सर्वांत घट्ट विदर्भात. नागपूर-अकोल्याला एप्रिल लागला की ताट्या बदलायच्या. वाळ्याची ताटी महाग पण वासाची, लाकडाच्या किसाची, म्हणजे वूड वूलची, स्वस्त. टाकीतलं पाणी आठवड्याला बदललं नाही तर डेंग्यूचे डास होतात, आणि पत्र्याच्या कूलरला नीट अर्थिंग नसेल तर जीवच जातो. मुंबईत या यंत्राला कोणी विचारत नाही, कारण तिथल्या हवेला आणखी पाणी सोसत नाही.

इंग्लंडमधल्या पार्क होमची, म्हणजे तिथल्या ट्रेलरवजा घरांची, अडचण थोडी याच जातीची. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. थंडीचा विचार करून बांधलेल्या त्या घरांना उन्हाचा हिशेब करावा लागला. पण तिथली हवा बहुतेक दिवस ॲरिझोनाइतकी कोरडी नसते, त्यामुळं कूलरचा डबा तिथं फारसा चालत नाही. तिथं उपयोगी पडते ती रमाड्याची शाखा: काचेवर बाहेरून सावली, दक्षिणेला नि पश्चिमेला छत्र्या-पडदे, छताखाली जाड थर, आणि रात्री बाहेर गार झालं की सगळ्या खिडक्या सताड उघड्या. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन पडद्याला तापवतं आणि ती उष्णता खोलीतच राहते; म्हणून तो बाहेरूनच हवा.