क्रेफिश : स्वीडनच्या नदी-तळ्यांतील शोध आणि खाद्यपरंपरा

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला कवचधारी प्राणी. कोळंबी, शेवंड आणि खेकडे ज्या दशपाद गणात मोडतात त्याच गणात तोही येतो. पुढे दोन जाडजूड नांग्या, मागे वळलेली मांसल शेपटी आणि एकूण पाच पायजोड्या, असे त्याचे रूप. जगात त्याच्या 600हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त उत्तर अमेरिकेत आहेत आणि ऑस्ट्रेलियात 100हून अधिक. टास्मानियातील एक जात कित्येक किलो वजनापर्यंत वाढते. तिच्या शिकारीवर तेथे 1998पासून बंदी आहे. मादागास्करमध्ये मूळचे क्रेफिश आहेत. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आणि भारतीय उपखंडात मात्र मूळची एकही जात नाही.

टी. एच. हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1880मध्ये प्राणिशास्त्राची ओळख करून देणारे एक संपूर्ण पुस्तक या एका प्राण्यावर लिहिले. जीवशास्त्रात त्याचे महत्त्व एवढे आहे. या नोंदीचा विषय मात्र त्याचा शोध आणि त्याचे खाणे हा आहे, आणि त्यासाठी स्वीडनचे उदाहरण सर्वांत बोधप्रद ठरते. एका छोट्या जलचरावर सगळा देश जीव टाकतो, तोच जलचर साथीने जवळजवळ नाहीसा होतो, आणि पुढे त्याच्या जागी आणलेली परकी जात उरल्यासुरल्यांच्या मुळावर येते, अशी ही शतकभराची कहाणी आहे.

स्वीडनच्या मूळ जातीचे शास्त्रीय नाव ॲस्टॅकस ॲस्टॅकस. रंग गडद तपकिरी, कधी काळसर, आणि नांग्यांची खालची बाजू तांबूस. स्वच्छ, प्राणवायूने समृद्ध आणि चुन्याचा अंश असलेले पाणी तिला मानवते. कवच घडवायला कॅल्शियम लागत असल्याने आम्ल पाण्याच्या तळ्यांत ती टिकत नाही. वाढण्यासाठी क्रेफिश वेळोवेळी कात टाकतो. त्याआधी कॅल्शियमचा साठा पोटात दोन पांढऱ्या गोट्यांच्या रूपाने जमतो. जुन्या युरोपात याच गोट्या औषध म्हणून औषधविक्रेत्यांकडे मिळत. कात टाकल्यावर काही दिवस अंग मऊ राहते. त्या काळात तो दगडाखाली दडून बसतो, आमिषाकडे फिरकत नाही.

समागम शरद ऋतूत होतो. मादी 100 ते 200 अंडी शेपटीखालच्या उपांगांना चिकटवून सगळा हिवाळा वागवते, आणि पिल्ले पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडतात. समुद्री कोळंबीसारखी मोकळी तरंगणारी डिंभावस्था त्यांना नसते. अंड्यातून थेट छोटा क्रेफिशच निघतो आणि काही दिवस आईलाच धरून राहतो. थंड पाण्यात वाढ फार संथ असते. दहा सेंटिमीटर लांबी गाठायला पाच-सात वर्षेही लागू शकतात. म्हणून ज्या तळ्यात एका हंगामात बेसुमार पकड झाली ते सावरायला बराच काळ जातो.

तो सापडतो कुठे, याचे उत्तर तळ पाहून मिळते. चिखलाचा सपाट तळ निरुपयोगी. दगडगोटे, कोसळलेले बुंधे, काठाच्या झाडांची पाण्यात उतरलेली मुळे आणि मातीच्या कडेतली बिळे ही त्याची घरे. दिवसा तो त्यांत दडलेला असतो. अंधार पडला की बाहेर येतो आणि पाणवनस्पती, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, मेलेले मासे असे मिळेल ते खातो. त्याच्या या सवयीवरच पकडण्याच्या सगळ्या रीती बेतलेल्या आहेत. जुनी रीत अगदी साधी : रात्री दिवा घेऊन उथळ पाण्यात उतरायचे आणि हाताने धरायचे. धरताना पकड मागून, नांग्यांच्या मागे पाठीच्या कवचावर घ्यावी लागते. शेपटी पोटाकडे झटकून तो क्षणात उलट दिशेने पळतो, त्यामुळे हात समोरून घातला तर तो निसटतो तरी, नाहीतर बोटाला चिमटा तरी बसतो.

दुसरी रीत गोल कड्याला ताणलेल्या जाळीची. जाळीच्या मधोमध मासा बांधून ती तळावर ठेवतात आणि थोड्या थोड्या वेळाने झटकन वर ओढतात. आज सर्वाधिक वापर होतो तो दोन्ही टोकांना नरसाळ्यासारखी तोंडे असलेल्या नळकांडी पिंजऱ्याचा. आत शिरणे सोपे, बाहेर पडणे अवघड. हे पिंजरे संध्याकाळी दोरीला ओळीने बांधून काठापासून पाण्यात सोडतात आणि पहाटे उचलतात. आमिषाला त्याच तळ्यातले रोच किंवा ब्रीम जातीचे ताजे मासे उत्तम. क्रेफिश सडके खातो म्हणून आमिषही सडके चालते ही समजूत चुकीची आहे. ताज्या माशावर तो अधिक येतो. उबदार, ढगाळ रात्री पकड चांगली होते. लख्ख चांदण्यात आणि पाणी थंडावल्यावर ती रोडावते.

स्वीडनमध्ये रानात कुणीही हिंडावे, रानफळे आणि अळंबी गोळा करावीत, असा लोकांचा जुना हक्क आहे. क्रेफिश त्यात येत नाही. बहुतेक तळ्यांत आणि ओढ्यांत ते धरण्याचा हक्क काठाच्या जमीनमालकाकडे असतो. इतरांना त्याची परवानगी किंवा परवाना घ्यावा लागतो, आणि चोरून पकडणे हा गुन्हा आहे. व्हेटर्न या मोठ्या सरोवरात सामान्य लोकांनाही पकडता येते, पण ठरावीक दिवशीच. साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा लहान क्रेफिश आणि अंडी वागवणारी मादी तिथल्या तिथे परत सोडण्याची शिस्त बहुतेक पाण्यांवर पाळली जाते. शेजारच्या फिनलंडमध्ये हंगाम 21 जुलैला दुपारी बारा वाजता उघडतो.

स्वीडनमधली क्रेफिशची मेजवानी ऑगस्टमध्ये होते, ती बंदीमुळे. सोळाव्या शतकापासून हे राजघराण्याचे आणि उमरावांचे खाणे होते. गावकरी त्याला फारसे तोंड लावत नसत. एकोणिसाव्या शतकात शहरी मध्यमवर्गाला त्याची चटक लागली, परदेशी निर्यातही वाढली आणि नद्या रित्या होऊ लागल्या. तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पकडीवर हंगामी बंधन आले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतरच क्रेफिश बाजारात येऊ लागला. वर्षभर वाट पाहिलेली ती पहिली रात्र सणासारखी साजरी होऊ लागली. 1990च्या दशकात विक्रीवरचे कायदेशीर बंधन गेले, तरी लोकांनी महिना बदलला नाही.

या परंपरेवर घाला आला तो 1907मध्ये. फिनलंडहून आलेल्या मालातले मेलेले क्रेफिश स्टॉकहोमजवळ मेलारेन सरोवराच्या पाण्यात टाकले गेले आणि त्यांच्याबरोबर एक रोग देशात शिरला. ॲफानोमायसेस ॲस्टॅसी हा बुरशीसारखा जलजीव त्याचे कारण. युरोपात तो 1859च्या सुमारास इटलीत प्रथम दिसला होता. त्याचे पोहणारे सूक्ष्म बीजाणू कवचाच्या मऊ सांध्यांतून आत शिरतात. लागण झालेला क्रेफिश भरदिवसा उघड्यावर लडखडत फिरतो, त्याच्या शेपटीची ताकद जाते आणि काही दिवसांत तो मरतो. काही आठवड्यांत अख्खे तळे निर्जीव होते. युरोपीय जातींत या रोगाला प्रतिकारशक्ती जवळजवळ नाही. पुढच्या दशकांत स्वीडनमधल्या मूळ जातीच्या वस्त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संपल्या.

यावर शोधलेला उपाय होता दुसरा क्रेफिश आणण्याचा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला सिग्नल क्रेफिश दिसायला आणि चवीला जवळचा, वाढीला वेगवान, आणि रोगाने सहसा न मरणारा. नांगीच्या सांध्यावरच्या फिकट निळसर-पांढऱ्या ठिपक्यावरून तो ओळखू येतो. 1960च्या सुमारास तो कॅलिफोर्नियातून आणला गेला आणि 1969पासून मोठ्या प्रमाणावर तळ्यांत सोडला गेला. टोपल्या पुन्हा भरल्या, हे खरे. पण तो रोगाने मरत नाही, रोग वाहतो. जिथे तो पोचला तिथे उरलीसुरली मूळ जातही गेली. कित्येकांनी परवानगी नसताना बादलीत भरून तो नव्या तळ्यांत नेऊन टाकला, आणि या चोरट्या वाटेने झालेले नुकसानही मोठे आहे. मूळ जात वाचवायची होती तर परकी जात पाण्यात सोडायलाच नको होती, असा निर्वाळा आज निःशंकपणे देता येतो. 2016मध्ये युरोपीय संघाने सिग्नल क्रेफिशला घातक परक्या जातींच्या यादीत घातले. जिवंत क्रेफिश स्वीडनमध्ये आणण्यास बंदी आहे.

म्हणूनच तेथे पकडणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो साधने कोरडी करण्याचा. ओल्या पिंजऱ्यावर, बुटांवर, होडीच्या तळावर बीजाणू एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. पिंजरे पूर्ण वाळवणे, कडक गरम पाण्यात किंवा जंतुनाशकात बुडवणे, एका पाण्यातले आमिष दुसऱ्यात न वापरणे आणि क्रेफिश ठेवलेले पाणी तळ्यात न ओतणे, हे नियम चुकवणारा माणूस एका रात्रीच्या पकडीपायी अख्खे तळे मारू शकतो.

उकडणे हे पाकक्रियेचे सर्वस्व. भांड्यात भरपूर पाणी, मूठमूठ जाडे मीठ, थोडी साखर, कधीकधी गडद बिअर, आणि शेपूचे फुलोरे. आपल्याकडे शेपूची कोवळी पाने भाजीला घेतात. येथे मात्र फुलून बी धरू लागलेले तुरेच लागतात, कारण त्यांचा वास जून आणि गडद असतो. पाणी खळखळू लागले की जिवंत क्रेफिश थोडे थोडे करून त्यात सोडतात, म्हणजे उकळी मोडत नाही आणि प्राणी क्षणात मरतो. आधीच मेलेला क्रेफिश कधीही शिजवू नये. त्याचे मांस झपाट्याने नासते. तपकिरी कवच पाहता पाहता लालभडक होते. प्रथिनाशी बांधलेले ॲस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य उष्णतेने मोकळे होते म्हणून. आठ-दहा मिनिटांत शिजतात, पण लगेच खायचे नाहीत. त्याच खाऱ्या पाण्यात शेपूचे ताजे तुरे टाकून रात्रभर थंडीत मुरवायचे. मीठ आणि शेपू कवचाच्या आत पोचते ते या रात्रीत. घाई करणाऱ्याला फिके मांस मिळते.

दुसऱ्या संध्याकाळी अंगणात टेबल मांडतात. वर चंद्राच्या चेहऱ्याचे कागदी कंदील, डोक्यावर कागदी टोप्या, गळ्यात फडकी, आणि ताटात थंडगार क्रेफिशचा ढीग. सोबत पाव, व्हेस्टरबॉटन नावाचे तिखटसर जुने चीज, बिअर आणि स्नॅप्स या कडक मद्याचे पेले. प्रत्येक पेल्याआधी गाणे म्हणायची रीत आहे. खाण्याचा क्रम असा : आधी क्रेफिश तोंडाशी धरून कवचाखालचा खारट रस चोखायचा, आणि तो आवाज करत चोखणे या टेबलावर सभ्यच मानले जाते. मग नांग्या फोडून आतला तुकडा, आणि शेवटी शेपटी सोलून, पाठीवरची काळी शीर काढून तिचे मांस. वजनाच्या मानाने खाण्याजोगे मांस थोडेच, फार तर पंचमांश. त्यामुळे पोट भरते ते पावाने आणि चीजने, तरीही लोक तासन् तास उठत नाहीत. सोलण्याच्या कष्टामुळे जेवण संथ होते आणि संथ जेवणात गप्पा होतात, हेच या मेजवानीचे बळ असावे.

इतरत्रची चित्रे वेगळी आहेत. अमेरिकेतल्या लुईझियानात लाल दलदली क्रेफिश हे वसंतातले लोकान्न आहे. अचाफलाया खोऱ्यातून आणि भातखाचरांतून येणारा हा माल लाल मिरचीच्या मसाल्यात, बटाटे आणि मक्याच्या कणसांसह उकडून टेबलावर ओततात आणि गरमच खातात. हीच जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमार्गे चीनमध्ये पोचली. आज जगातले सर्वाधिक उत्पादन तेथे होते, वर्षाला 20 लाख टनांहून अधिक, आणि त्यातला मोठा वाटा भातशेतीतल्या संगोपनाचा आहे. स्वीडनच्या दुकानांत गोठवून येणारा स्वस्त क्रेफिशही बराचसा चिनीच असतो.

कच्चा किंवा अर्धकच्चा क्रेफिश खाणे धोक्याचे आहे. पॅरागोनिमस या चपट्या कृमीच्या अवस्था त्याच्या शरीरात असू शकतात. त्या माणसाच्या फुप्फुसांत जाऊन वाढतात आणि खोकला, ताप, छातीत पाणी अशी क्षयासारखी लक्षणे देतात. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात नदीवर सहलीला जाऊन कच्चे क्रेफिश खाल्लेल्या लोकांत 2006नंतर असे रुग्ण आढळले. मणिपूर आणि ईशान्य भारतात हाच आजार नीट न शिजवलेल्या खेकड्यांमुळे होतो. शिवाय तळाशी वावरणाऱ्या या प्राण्याच्या शरीरात जड धातू साठतात. कारखान्याखालच्या पाण्यातला क्रेफिश कितीही शिजवला तरी निर्धोक होत नाही.

महाराष्ट्रात क्रेफिशची जागा गोड्या पाण्यातल्या खेकड्याने घेतलेली आहे. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याकाठी, भाताच्या बांधांवर बॅटरी घेऊन रात्री खेकडे धरायला जाणारी माणसे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आहेत. येथेही अंड्यातून थेट छोटा खेकडाच निघतो आणि मादी पिल्ले पोटाखाली वागवते. म्हणजे पिल्लांनी भरलेली मादी उचलली की पुढची पिढीही रश्श्यात जाते. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत आणि सड्यांवर खेकड्यांच्या अशा जाती आहेत ज्या जगात अन्यत्र कुठेच नाहीत. परक्या क्रेफिशशी त्यांची आजवर गाठ पडलेली नाही.

ती पडण्याची सर्वांत सोपी वाट मत्स्यालयाची आहे. घरातल्या काचपेटीसाठी लाल आणि निळ्या रंगाचे क्रेफिश जगभर विकले जातात. त्यांतल्या संगमरवरी क्रेफिशची तर एकटी मादी नराविना शेकडो पिल्ले घालते, आणि मादागास्करच्या भातखाचरांत तिचा फैलाव झालेलाच आहे. ज्यांच्या घरी असा क्रेफिश असेल त्यांनी कंटाळा आल्यावर तो दयेपोटीही नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नये, आणि पेटीतले पाणी ओढ्यात ओतू नये. पाळणे जमत नसेल तर तो विक्रेत्याकडे परत द्यावा.